कुंकू लावलेले नॉब

आधीच सांगते, मी देवालासुद्धा घाईत हात जोडणारी बाई आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून कुकर लावायला जायचे. तरी हे लिहितेय... कारण जे झालं ते भर दुपारी, भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत झालं.

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे त्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. भंगारात निघालेले पॅनेल आणून यांनी चिंचवडच्या आमच्या खोलीत एक सिंथेसायझर बनवला होता – कपाटाएवढं धूड, पुढे ओळीने नॉब आणि वायरींचा गुंता. कंपनीच्या ऑर्केस्ट्रात हे तो वाजवायचे. एक हात पट्ट्यांवर, एक नॉबवर. सूर उतरवायचा असला की नॉब आधी किंचित वर न्यायचे, थांबायचे, मग सावकाश खाली आणायचे. दोन गाण्यांच्या मध्ये वायरी बदलायला वेळ लागायचा आणि मागून शिट्ट्या यायच्या, हेही खरं.

यांचे मित्र दिवाकर भावजी. आमच्याकडे जेवल्याशिवाय त्यांचा रविवार सरायचा नाही. त्यांनी टूम काढली – याला कॉम्प्युटर जोडू. एक कळ दाबली की आवाज तयार.

"आवाज तयार नसतो रे दिवाकर, काढावा लागतो," हे म्हणाले.

पण पॅनेल कंपनीचे, म्हणून यंत्रही कंपनीचंच ठरलं. ठरवलं कोणी? भावजींनीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. टेम्पो आला, यंत्र गेलं. पट्ट्या ठेवायचे त्या रिकाम्या टेबलापाशी हे बसून राहायचे. त्याच हिवाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि हेही गेले. खांदा द्यायला भावजी सगळ्यांत पुढे.

पुढच्या खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावतात तसं मलाही बोलावलं. यंत्रांची पूजा झाली. यांचा सिंथेसायझर कँटीनमधल्या स्टेजवर होता. भावजींच्या बायकोने, शैलाने, सगळे नॉब टोकं सरळ वर येतील असे फिरवून प्रत्येकाच्या टोकाला कुंकवाचं बोट लावलं. मग ताट बायकांमध्ये फिरलं. माझ्यापाशी आलं आणि पुढे गेलं.

"हे नॉब आता नुसते शोभेला," भावजी माइकवर म्हणाले. "सगळं कॉम्प्युटर करणार."

पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. कुरुळीचे एक म्हातारे मिस्त्री बोललेसुद्धा, "साहेब, आज त्याला हात लावू नका. उद्या वाजवा."

"अहो, कॉम्प्युटर काय हत्यार आहे?" भावजी हसले आणि त्यांनी कळ दाबली.

गाणं सुरू झालं. स्वच्छ, चोख, आणि मेलेलं. मी उठणारच होते... आणि सूर हलला. किंचित वर गेला, थांबला, मग सावकाश खाली आला.

मी नॉबकडे पाहिलं. कुंकवाचे ठिपके कलले होते. मधला मोठा नॉब माझ्या डोळ्यांदेखत फिरत होता. जवळ कोणी नव्हतं. भावजी पलीकडे कॉम्प्युटरच्या कळा दाबत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

टाळ्या थांबेनात. मोठे साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरने कमाल केली." शाल-नारळ भावजींना मिळाला. त्यांनी तो घेतला.

नंतर ते माझ्याजवळ आले. "वहिनी, कुठे बोलू नका. नॉबच्या वायरी मी माझ्या हाताने कापल्यात."

मी स्टेजवर गेले. मोठ्या नॉबवरचं कुंकू फिसकटलं होतं, बोटांनी धरल्यासारखं.

वायरी तुटलेल्या असताना आवाज कसा बदलला, हे कितीतरी जाणकारांना विचारलं. कोणी म्हणे कॉम्प्युटर बिघडला, कोणी म्हणे तुमच्या मनाचे खेळ. असतील. मला आजही त्याचं उत्तर माहीत नाही, आणि खरं सांगू, त्याचं मला फारसं पडलेलंही नाही.

त्या संध्याकाळी मी घरी दार उघडं टाकून, त्या रिकाम्या टेबलापाशी बसले होते. भोसरीपर्यंत आले होते ना हे. तिथून चिंचवड काय लांब होतं?

आले नाहीत.