प्रतीक्षा यादीत तिसरी

पत्रात दोनच ओळी होत्या. अन्य राज्यांच्या प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक तिसरा आहे, आणि जागा उपलब्ध झाल्यास कळवण्यात येईल. 'उपलब्ध झाल्यास' या दोन शब्दांवर मी सात आठवडे काढले. आता वाटतं, सरळ 'नाही' लिहिलं असतं तर त्या लोकांचं काय गेलं असतं?

मला नागपूरचं ते लॉ कॉलेजच हवं होतं. बारावीत असताना आम्ही काही पोरं-पोरी जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या चौकात पत्रकं वाटत होतो, मुलींच्या हॉस्टेलात पाणी येत नव्हतं म्हणून. हवालदाराने आमचा गठ्ठा उचलला आणि चौकीत नेऊन ठेवला. आम्ही चौकीबाहेर दोन तास घोषणा दिल्या. गठ्ठा टेबलावरच. मग कोणीतरी एका मराठी वकिलांना बोलावून आणलं. ते आत गेले आणि शांतपणे म्हणाले, "ज़ब्ती का काग़ज़ दिखाइए।" कागद नव्हताच. पाच मिनिटांत गठ्ठा आमच्या हातात. आमच्या दोन तासांच्या ओरडण्यापेक्षा त्यांचं एक वाक्य जड निघालं, हे मला फार झोंबलं. ते त्या कॉलेजात शिकले होते. झालं, मी ठरवून टाकलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. ती आमचीच होती, आणि अशी चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. जबलपूरच्या मराठी घरात 'तुम्ही कुठचे?' असं विचारलं की कोणी जबलपूर म्हणत नाही. आजोबा जे गाव सोडून आले त्याचं नाव सांगतात. माझे बाबा इथल्याच चेरीताल मोहल्ल्यात जन्मले, तिथेच शिकले, तिथूनच रोज सायकलने फॅक्टरीत जातात. नागपूरजवळच्या काटोलला ते आयुष्यात दोनदा गेले असतील, दोन्ही वेळा लग्नाला. पण विचारा त्यांना. "आम्ही काटोलकडचे," म्हणतील, आणि मान जराशी ताठ होईल.

फॉर्म भरताना ते शेजारी बसले होते. 'मूळ राज्य' असा रकाना आला आणि मी थांबले.

"महाराष्ट्र लिही. काहून विचार करून राहिली?"

"बाबा, पण आपण तर एमपीत राहतो ना."

"राहतो म्हणून काय झालं? मूळ विचारलं आहे त्यानं. आपलं मूळ काटोल."

मी लिहिलं. दुसऱ्यांच्या पत्रकातल्या चुका लाल पेनाने काढणारी मी, छान गोल अक्षरात 'महाराष्ट्र' लिहिलं.

पहिल्या यादीत माझं नाव आलं. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. आठवड्याने कॉलेजचं पत्र: महाराष्ट्राचा रहिवासी दाखला सादर करावा. बाबा दोन दिवसांची रजा टाकून काटोलला गेले. तिथल्या कचेरीत त्यांना कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमचे वडील इथून कधीचे गेले. आता तुमचं इथं काय आहे?" बाबा परत आले ते आल्या आल्या आंघोळीलाच गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग कॉलेजने मला महाराष्ट्राच्या, म्हणजे घरच्यांच्या यादीतून काढून बाहेरच्यांच्या यादीत टाकलं. त्या यादीत जागा थोड्या, त्यामुळे मी वेटिंगवर.

माझे आजोबा परराज्यात गेले नव्हते, हे मला ओरडून सांगायचं होतं. नागपूरच्या तारखात्यातून त्यांची जबलपूरला बदली झाली तेव्हा ही दोन्ही शहरं एकाच राज्यात होती, आणि राजधानी नागपूरला होती. राजधानीतून निघून त्याच राज्यातल्या दुसऱ्या शहरात आलेला माणूस. मग राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं. आजोबा आपल्या खुर्चीवर बसूनच परके झाले. त्यांना कोणी विचारलं नाही. मलाही नाही.

यावर पत्रक काढायचं म्हणून मी बसले. आमच्या गटातल्या एका दीदीने मला पत्रक लिहायला शिकवलं होतं: पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांग, शेवटच्या ओळीत मागणी काय ते. माझी पहिलीच ओळ जमेना. दोन राज्यांमधली रेघ ओढणारे केव्हाच मरून गेले होते. मागणी तरी काय करणार, रेघ पुसा? दीदीला कागद दाखवला. तिने वाचला आणि परत दिला.

"यार, ये मुद्दा नहीं बनेगा।"

"क्यों नहीं बनेगा?"

"तेरे जैसे हैं कितने? चार? पाँच? इतने में तो जुलूस भी नहीं निकलता।"

मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. पण ती खोटं बोलली नव्हती.

इकडे आई वेगळ्याच काळजीत. "अवं, इथल्या कॉलेजचाबी एक फॉर्म भरून ठेव ना. तुझं काय जाते?"

"आधीपासूनच हरायची तयारी करायची का?" मी म्हटलं. असली वाक्यं तेव्हा माझ्या तोंडात तयार असायची.

"भाषण नको देऊस घरात," आई म्हणाली.

जबलपूरच्या कॉलेजची तारीख मी जाऊ दिली. ते कोणीही माझ्यावर लादलेलं नाही. तो मूर्खपणा पूर्ण माझा.

दर सोमवारी मी चौकातल्या बूथवरून नागपूरला फोन लावायची. पलीकडून एकच उत्तर: यादी अजून हलली नाही. सातव्या सोमवारी फोन कोणी उचललाच नाही. मंगळवारी सकाळी मी सिवनीवरून नागपूरला जाणारी बस पकडली.

कार्यालयातले बाबू वयस्कर होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काहून आल्या बेटा एवढ्या दूर? फोन करायचा होता."

"दर सोमवारी करून राहिली, सर."

त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट खाली सरकवलं. "हं. तिसरा नंबर. पहिल्यानं दुसरीकडं घेतलं, दुसऱ्याचाबी नकार आला."

मी टेबलाजवळ सरकले. "म्हणजे माझा नंबर लागला?"

"लागत होता. पण प्रवेशाची मुदत शनिवारी संपली ना. यादी रद्द झाली."

"आणि जागा?"

त्यांनी चष्मा काढला. "दोन रिकाम्या राहिल्या."

"मग मला पत्र का नाही पाठवलं?"

"पत्रावर साहेबांची सही लागते. साहेब रजेवर होते."

मी बोलायला लागले. उभी राहून बोलले, चौकात बोलते तशी. रिकाम्या खुर्च्या चालतात पण आम्ही चालत नाही, असं काहीतरी. बाकीची टेबलं ऐकत होती. बाबूंनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." भांडायला निघालेल्या माणसाला याहून वाईट उत्तर नाही. ते भांडले असते तर मी दिवसभर तिथे बसले असते.

त्यांनीच कोरा कागद दिला, अर्ज लिहा म्हणाले. माझं मराठी दोन-तीन ठिकाणी हिंदीकडे घसरलं, तेवढं त्यांनी पेन्सिलने नीट करून दिलं. शिक्का मारला, पोच दिली. त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही. येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि शिक्का मारताना मलाही कळलं होतं.

रात्र नागपूरच्या स्टँडवर काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसने जबलपूरला पोचले. बाबा स्टँडवर उभे होते, फॅक्टरीच्या कपड्यांतच.

"काय म्हणाले?"

बसमध्ये सात तास मी हेच वाक्य जुळवत आले होते. मुदत संपली, जागा रिकाम्या, यादी रद्द. सगळं क्रमाने. पण समोर ते उभे होते, आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं होतं. फॉर्मवर सरळ मध्य प्रदेश लिहिलं असतं तर बाहेरच्यांच्या यादीत मी सुरुवातीलाच कितवी असते, हा हिशेब कधी ना कधी त्यांच्या डोक्यात शिरला असता.

"अजून वेटिंग आहे म्हणतात," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले. चेहरा लगेच सैल झाला. "मग ठीक आहे. 'नाही' तर म्हटलं नाही त्यानं."

माझी पिशवी त्यांनी सायकलला अडकवली आणि आम्ही चालत घरी आलो. त्यानंतर कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरीचं नागपूरचं वेटिंगमध्ये आहे." गल्लीत सांगितलं, फॅक्टरीत सांगितलं. मी शेजारी उभी राहून ऐकायची आणि मान हलवायची. दिवाळीपर्यंत असंच चाललं. मग एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "बी.ए.ला प्रायव्हेट बसते आहे ती," आणि आत निघून गेले. त्यांना कोणी सांगितलं की त्यांचं त्यांनाच कळलं, मी विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही. मी मागोमाग आत गेले, आणि आम्ही दोघं एकाच ताटलीतले पोहे खात बसलो.