माईच्या हाताजवळचा पाळणा

मैत्रिणींनो, आज नातीच्या बाळासाठी पाळणा बघायला चंद्रपूरला गेले. दुकानदाराने आईच्या पलंगाला लागून बसणारा, एका बाजूने उघडा पाळणा दाखवला. "आजी, हा नवीनच निंगाला," तो म्हणाला. मला एटापल्लीचं आमचं घर आठवलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी सात वर्षांची होते. माझी माई, म्हणजे आई, जन्मापासून बहिरी. धाकटा भाऊ झाला, त्याला लुगड्याच्या झोळीत निजवायचो. एकदा मी पाणी घेऊन आले, तर त्याचं तोंड कापडात दबलेलं, चेहरा निळा पडलेला. जवळच माई पाठमोरी धान कांडत होती.

मी त्याला उचललं. तो रडला, तेव्हा जिवात जीव आला. माईने वळून पाहिलं, त्याला माझ्याकडून घेतलं आणि छातीशी धरून खालीच बसली.

बाबा तळ्यावरून मासे घेऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "तिले ऐकू येत नाई, पोरी. पण तिच्या हाताले तं कळते ना?"

त्यांनी बांबूचा पाळणा केला. माईच्या बाजेएवढा उंच, तळ सपाट, बाजेकडची बाजू उघडी. दोन कामट्यांमधून माझी मूठसुद्धा जात नाही ना, हे घालून पाहिलं.

पाळणा तयार झाला त्या दुपारी माई बाळाच्या पोटावर तळहात ठेवून, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली. बाहेरून मोहाच्या फुलांचा गोड वास येत होता. बाळाच्या श्वासासोबत तिचा हात हळूहळू वर-खाली होत होता. मी किती वेळ बघत उभी होते, कोण जाणे.

तुमच्या घरी बाळ कुठी निजायचं?