नाकावरचा खड्डा

शेजारच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला, म्हणजे आत कोणाला तरी कांजिण्या आलेल्या. शैलावहिनी बाहेर पायरीवर रडत बसल्या होत्या. त्यांना सातवा महिना, आणि कांजिण्या त्यांना कधी आलेल्याच नाहीत, म्हणून डॉक्टरांनी पोरीजवळ जायला बंदी केलेली. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी. आत लहानगी मनी एकटीच आईला हाका मारत होती.

मी चपला काढल्या.

"भाऊजी, तुम्हालाही येतील."

"मला लहानपणीच येऊन गेल्यात. हा नाकावरचा खड्डा बघा. याच्यापायी किती पोरींनी नकार दिला."

"तुमचं काय खरं? मीठ सांगितलं तर साखर आणता."

"ते डोक्याचं काम, वहिनी. अंग माझं तसं नाही."

खरंच नवल वाटतं. गुरुजींनी छड्या मोडल्या तरी माझ्या डोक्यात पाढा राहिला नाही. आणि रक्तानं मात्र एकदा आत घुसलेल्या रोगाचं तोंड जन्मभर ध्यानात ठेवलं. तो परत आला की मला न विचारताच त्याला हाकलून लावतं. माझ्यासारख्या बावळटाच्या आत असला पहारेकरी बसलाय, मग मी कशाला भिऊ? येऊ दे की.

आत गेलो. मनीचं अंग फोडांनी भरलेलं.

"काका, मला परत येतील?"

"आल्या तर तुझं अंगच त्यांना झोडपून काढील."

तिनं जरा विचार केला. मग बाहेर ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, रडू नको. बाळाला आल्या ना, तर मी जाईन आत."