दातांत धरलेली सळई

माझा भाऊ बाळकृष्ण दातांनी ऐकायचा. हसू नका. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं, आणि जुन्या पेट्रोल गाड्या जिवापाड जपणारी माणसं पार धारवाडहून त्याच्याकडे यायची, ती त्याच्या दातांसाठीच.

लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहायचे. आईने लसणीचं तेल घातलं, शेजारणींनी सांगितलं ते सगळं घातलं, आणि कानाचे पडदे गेले ते गेलेच. शाळेतली पोरं त्याला ‘किवुडा’ म्हणायची. कानडीत बहिऱ्याला तसंच म्हणतात. मी मोठी बहीण, भागीरथी. त्याला ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला, की पुढे विद्यानगरच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलंही माझ्या मागून पाढे म्हणायची. माझे यजमान गेल्यावर मी बाळूकडेच राहायला आले. त्याचं लग्न झालं नव्हतं. आम्ही दोघं बोलायला लागलो की गल्लीला वाटायचं भांडण चाललंय, आणि बऱ्याचदा ते असायचंच.

आता हे दातांचं प्रकरण. इंजिनात ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी गाडी जोर धरते. पण जरा जास्त लवकर झालं की पेट्रोल आत भलत्या वेळी भडकतं आणि टिणटिण असा बारीक आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते तसंच चालू ठेवलं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणून नॉकिंग सुरू होतं तिथपर्यंत जायचं आणि तिथून केसभर मागं यायचं. हे सगळं कानाचं काम. कोणी मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतो. कोणी रबरी नळी लावतो, कोणी डॉक्टरची जुनी नळी आणून तिला खिळा जोडतो. बाळूने उमेदवारीच्या दिवसांत हे सगळं करून पाहिलं. काही ऐकू येईना. एक दिवस वैतागून त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली आणि कचकन चावली.

तसाच काळ्या हातांनी घरी पळत आला. “अक्का, ऐकू आलं! डोक्याच्या आत ऐकू आलं!” आई देवापुढे साखर ठेवायला गेली. पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदे गेले असले तरी आतला कान धड आहे, हाडातून आवाज पोचतो. बाळूला ते सांगून काय उपयोग, त्याला आधीच कळलं होतं.

पण उभ्या गाडीत नॉकिंग नीट कळत नाही, चढावर दम लागला की ते खरं बाहेर येतं. मग त्याने एक लोखंडी सळई केली. तिचं एक टोक इंजिनाच्या बोल्टला घट्ट बसवायचं, सळई डॅशबोर्डाखालच्या भोकातून आत घ्यायची, आणि दुसऱ्या टोकाला जुन्या पटाशीची लाकडी मूठ. त्याचे जुने गिऱ्हाईक शेषगिरी वकील आपली फियाट चालवायचे, बाळू डाव्या बाजूला बसून मूठ दातांत धरायचा, आणि दोघं नृपतुंग बेट्टाचा, म्हणजे गावातल्या टेकडीचा, चढ टॉप गिअरमध्ये चढायचे. बेट्टावर फिरायला आलेली माणसं बघत राहायची, हा मनुष्य गाडी खातोय की काय! बाळूचे डोळे मिटलेले असायचे. नॉकिंग आलं की तो तळहात जरासा डावीकडे वळवायचा. म्हणजे ‘थोडं मागं’. खाली उतरून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर तेवढा फिरवायचा, की पुन्हा चढ.

असा तोंडाचा उद्योग करणाऱ्याने तोंड जपावं की नाही? पण नाही! डाव्या गालात तंबाखूची गोळी सकाळपासून रात्रीपर्यंत. मी डबी फेकली, चुना नाल्यात ओतला, शिव्या घातल्या. तो म्हणायचा, “सुम्मनिरु अक्का,” म्हणजे गप्प बस, आणि नवीन डबी आणायचा. गाढवापुढे वाचली गीता!

तीन-चार वर्षांमागे डाव्या हिरडीला जखम झाली. त्याच सुमारास बेट्टाच्या रस्त्यावर एका उंचवट्यावर गाडी उडाली होती आणि मूठ हिरडीत घुसली होती. त्यामुळे जखम सळईचीच, याबद्दल कोणालाही शंका आली नाही. बाळूला नाही, मला नाही, वकिलांना तर मुळीच नाही. ते बिचारे तेव्हापासून रिक्षाच्या वेगाने गाडी चालवायला लागले. बाळूने पटाशीची मूठ काढून रबराची बसवली. जखम बरी होईना. मग माझ्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून मुठीला गुंडाळला. मी रोज लोणी लावत होते. आम्ही सगळे मिळून सळईवर इलाज करत होतो, आणि तंबाखू त्याच गालात त्याच जागी चालूच होती.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा असते. पान्हे, जॅक, सगळं धुऊन मांडतात. सळईला पहिला मान, हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी प्रसादाचा पेढा त्याच्या तोंडापाशी नेला, तर तोंड उघडेचना. बोटभरसुद्धा नाही. मी म्हटलं, “आ कर रे!” तो म्हणाला, “केलाय.” माझ्या हातातला पेढा खाली पडला.

तपासणी झाली. कॅन्सर. डाव्या बाजूचं जबड्याचं हाड काढावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बाळूच्या कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा सगळा वॉर्ड ऐकत होता. तो म्हणाला, “उजवी बाजू राहते ना?” बाईंना वाटलं हा खाण्याविषयी विचारतोय. त्या म्हणाल्या, राहते. त्याचा चेहरा खुलला. मला रडू फुटलं होतं आणि हा मेला हसत होता!

ऑपरेशन झालं. अर्धा चेहरा आत गेला, बोलणं मला एकटीलाच कळेल असं झालं. मग बाईंनी पुढचं सांगितलं. आता किरणांचा उपचार करायचा, पण त्याआधी उजवीकडचे दात काढायचे. किडलेत, हलताहेत. किरणांनंतर त्यांनी त्रास दिला तर उरलेलं हाडही सडेल.

बाळूने मान हलवली. नाही.

मी समजावलं, मी भांडले, मी पाया पडले. मोठी बहीण असून धाकट्याच्या पाया पडले हो मी! “दात ठेवून काय करणार आहेस मुडद्या, मसणात चणे खाणार आहेस?” असंही बोलले. शेषगिरी वकील येऊन कोर्टात बोलतात तसं तासभर बोलले. बाईंनी उपचार न केल्यास काय होईल ते स्पष्ट सांगितलं, आणि मी ते शब्द जसेच्या तसे त्याला ऐकवले. त्याने उजव्या दातांना बोट लावलं, मग कानाला. मग ते बोट माझ्याकडे केलं, आणि पुन्हा दातांना लावलं. मला त्या वेळी इतका संताप आला होता की मी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. एवढंच कळलं की याला जिवापेक्षा गाड्या प्यार आहेत.

किरणं न घेताच तो गॅरेजात परत गेला. वकिलांची फियाट बेट्टावर चढवली, मूठ उजव्या दातांत धरून. तोंड मिटत नव्हतं म्हणून हाताने हनुवटी दाबून धरली होती. वकील नंतर मला म्हणाले, “अक्का, गाडी आयुष्यात इतकी छान चालली नव्हती,” आणि माझ्यापुढेच रडले. तसे दिवस थोडेच मिळाले. मानेत गाठ आली, मग दुसरी. आता कापायलाही जागा नाही, असं बाई म्हणाल्या.

शेवटी शेवटी तो घरीच होता. गळ्यातून श्वासाची नळी, नाकातून जेवणाची. गाठींनी कानांजवळची उरलीसुरली वाटही बुजवली असावी, कारण माझा ओरडासुद्धा त्याच्यापर्यंत पोचेना. ज्या आवाजाने शेजारचा वर्ग पाढे म्हणायचा तो आवाज! मी ओरडत राहायची आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याला काय कळतंय, काय नाही, मला समजेना.

एका दुपारी मी उठले आणि गॅरेजातून ती सळई आणली. बोल्टाचं टोक घासून धुतलं. माझ्या पदराची चिंधी अजून मुठीवर होती, ती काढून नवी गुंडाळली. मूठ त्याच्या उजव्या दातांत हळूच दिली. दुसरं टोक माझ्या गळ्यावर, आवाज निघतो तिथं, दाबून धरलं.

खूप बोलायचं होतं. तंबाखूबद्दल शिव्या द्यायच्या राहिल्या होत्या, दातांबद्दल राहिल्या होत्या. पण तोंडातून निघालं ते रोजचंच. “बाळू, जेवलास का रे?”

नळीने जेवणाऱ्या माणसाला काय विचारावं! पण त्याचे डोळे मोठे झाले. मूठ त्याने घट्ट चावली. त्याला ऐकू आलं होतं, डोक्याच्या आत, पहिल्यासारखं. तेव्हा मला दवाखान्यातलं ते बोट आठवलं. दात, कान, मी, पुन्हा दात. गाड्यांचं नव्हतंच ते.

मी मोठ्याने रडायला लागले, सळई गळ्याला तशीच लावलेली. बाळूने डोळे मिटले, पांघरुणावरचा तळहात उचलला आणि जरासा डावीकडे वळवला.

थोडं मागं.

मी आवाज खाली घेतला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी हळू बोलत बसले.