समोरची खुर्ची

माझी थोरली बहीण मनोविश्लेषक. तिच्या गुरूंच्या पठडीत पेशंट कोचावर आडवा आणि डॉक्टर त्याच्या डोक्यामागे गप्प. ताईला ते कधी पटलं नाही. "दुखणं एकट्याच्या आत नसतं गं, दोन माणसांच्या मधे असतं. मग मी मागे लपून काय करू?" म्हणत तिने कोच भिंतीकडे सारला आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. गुरूंनी बोलणं टाकलं. टाकेनात का, ही मोडेल पण वाकायची नाही.

भावोजी गेल्यावर तिचे डोळे कोरडेच होते. पंधरवड्याने दवाखाना उघडायला मी सोबत गेले, तर पेशंट यायच्या आधीच ती त्या कोचावर आडवी झाली. मी समोर बसले.

"समोर नको. तुझ्या तोंडावर मला माझी कीव दिसते. मागे बस."

मग जन्मभर गुरूंशी भांडलीस कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि मागे बसले.

बऱ्याच वेळाने तिचा हात डोक्यामागे हवेत चाचपडू लागला. "आहेस ना गं?"

मी तो घट्ट धरला.

"आता दुखायला लागलं," ताई म्हणाली.