ज्याअर्थी हात हिरवे

‘ज्याअर्थी’ हा शब्द माझ्या चौथीपर्यंतच्या पुस्तकांत नव्हता. तो मला दिरांनी शिकवला. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानलेले नाहीत.

नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही लिंबायतला राहायचो. मालक पांडेसऱ्याला मिलच्या रंगखात्यात. दीर दोन खोल्या सोडून. ते दहावी पास, म्हणून गल्लीतले सगळे अर्ज तेच लिहायचे. रेशनकार्ड असो की रजा, सुरुवात एकच : ज्याअर्थी अमुक, त्याअर्थी तमुक. लोकांना वाटायचं, या दोन शब्दांनी साहेब हलतो.

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न बारडोलीला ठरलं होतं. मुलगा साखर कारखान्यात कायम. सुपारी फुटली होती. एका रविवारी दीर आले, खुर्ची ओढून बसले आणि खिशातला कागद काढून वाचू लागले. “ज्याअर्थी मुलीचे दोन्ही तळवे हिरवे आहेत, आणि ज्याअर्थी समोरच्या खोलीत राहणाऱ्या मिलकामगार मुलाचे तळवेही तसेच हिरवे आहेत, त्याअर्थी दोघांची सलगी आहे असे दिसते.”

मुलगी स्टोव्हपाशी होती. तिनं हात ओढणीत घेतले.

मी माझे पुढे केले. “हे बघा, माझेही हिरवे. लिहा, वहिनीचीही त्याच्याशी सलगी आहे.”

“वहिनी, वाकडं बोलू नका.”

“आठवडाभर मिलमध्ये हिरवा माल चाललाय. तुमच्या भावाचे कपडे आम्ही दोघी धुतो. तो पोरगा त्याच मिलमध्ये आहे. फाडा तो कागद.”

“ही नक्कल आहे,” ते म्हणाले. “पत्र गुरुवारीच बारडोलीला टाकलं. बाहेरून कळण्यापेक्षा घरच्यांनी कळवलेलं बरं.”

सोमवारी मालकांचा न धुतलेला शर्ट पिशवीत घालून मी बारडोली गाठली. मुलाच्या आईला म्हटलं, “विहीणबाई, एवढा धुऊन बघा.” तिनं धुतला. हात हिरवे झाले. साबणानं घासले, तरी हिरवेच.

“पटलं,” ती म्हणाली. “पण पत्र चार माणसांत वाचलं गेलंय.” आणि सुपारीत आम्ही मुलाला दिलेलं कापड आणून तिनं माझ्या पिशवीत ओल्या शर्टावर ठेवलं.

आता नातीच्या वाचनालयातल्या पुस्तकांत हा शब्द दिसतो. तिथं तो वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या तोंडी असतो, मायेच्या माणसाच्या तोंडी मला अजून सापडलेला नाही. नात सांगते, आधी ‘ज्याअर्थी’ बघायचं, मग त्यावरून ‘त्याअर्थी’ काढायचं. असेल. माझ्या दिरांचं ‘त्याअर्थी’ आधीच तयार असायचं. वयात आलेली पोरगी समोर दिसली की ते मनात लिहून झालेलं. हिरवा रंग त्यांना नंतर सापडला. आणि बारडोलीच्या त्या बाईनं ‘ज्याअर्थी’ स्वतःच्या हातांवर बघितलं, तरी पुढचं काढलं नाही. असल्या माणसांपुढे शब्द काय करणार?

मुलीचं लग्न तीन वर्षांनी नंदुरबारकडे झालं. दिरांना पत्रिका दिली नाही. ते दारात येऊन उभे राहिले.

“वहिनी, सगळ्या गल्लीला पत्रिका गेल्या. माझी राहिली का?”

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

“ज्याअर्थी पत्रिका आली नाही,” मी म्हटलं, “त्याअर्थी काय, ते तुम्हीच काढा. दहावी पास आहात.”