देवपूरचं टू-एटी-सिक्स

"खरं काय ते सांगा, भाऊ. यात जीव उरलाय का?"

अक्कांनी हे विचारलं तेव्हा मी कॅबिनेटचे स्क्रू काढत होतो.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी जळगावच्या एका कॉम्प्युटर डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर होतो. धुळ्याचे दुरुस्तीचे कॉल माझ्याकडे असत. अक्का धुळ्याच्या देवपुरात टायपिंगचा क्लास चालवायच्या. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत त्या एकट्या. टाइपरायटरचे दिवस भरलेत, हे त्यांनी वेळेत ओळखलं होतं. चाळिशी उलटल्यावर दर रविवारी एसटीने जळगावला येऊन त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि मग हे टू-एटी-सिक्स मॉडेलचं मशीन घेतलं. त्या वेळी आसपासच्या गल्लीतली माणसं ते नुसतं बघायला यायची.

आता ते सुरूच होत नव्हतं.

झाकण काढल्यावर कारण दिसलं. मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, एक छोटी बॅटरी असते. तारीख-वेळ लक्षात ठेवायला. ती जुनी झाली की पाझरते. इथे हिरवट बुरशीसारखा थर पसरला होता. ट्रॅक, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा, खाल्ल्या गेल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या बूथवरून जळगावला आमच्या साहेबांना फोन लावला.

"तसला बोर्ड आता मुंबईतही मिळत नाही," साहेब म्हणाले. "नवीन मशीनचं बोल."

"त्यांना नाही परवडणार, साहेब."

"मग परत ये. तिथे दिवस घालवू नकोस."

मी परत गेलो नाही. स्पिरिटने बोर्ड घासला. तुटलेल्या ट्रॅकवरून केसासारखी तार ओढून सोल्डर केली. एक जोडली की शेजारची तुटलेली सापडायची. अक्का दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही वेळा तो थंड झाला.

दुपार कलली तेव्हा मशीनचा बीप वाजला. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली.

अक्का खुर्ची ओढून बसल्या. स्क्रीनकडेच बघत सरसर टाइप करायला लागल्या. बोटं थांबेचनात.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. शिंदखेड्याकडचे शेतकरी, सोबत बारावी झालेली मुलगी. अक्कांनी उत्साहाने त्यांना आत घेतलं, मशीन दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"बाई, यामा विंडोज शे का?"

"विंडोज नाही. पण पाया पक्का होतो. डॉस, वर्डस्टार..."

"बठ्ठा लोक विंडोजच सांगतस. पोरगीले नोकरी लागी का यावर?"

अक्कांनी उगाच कीबोर्ड सरळ केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. गृहस्थांनी हात जोडले आणि मुलीला घेऊन बाहेर पडले. रस्त्यापलीकडे नवा क्लास निघाला होता, काचेचं दार, रंगीत मॉनिटर. ती दोघं तिकडे जाताना आम्हाला इथून दिसत होती.

"यात विंडोज टाकता येईल, भाऊ?"

"नाही, अक्का. मेमरी पुरणार नाही. हार्ड डिस्कही."

"थोडंसं? नुसतं दाखवण्यापुरतं?"

मी नकारार्थी मान हलवली. सोल्डरिंग आयर्न अजून गरम होतं. ते निवेपर्यंत थांबलो आणि मग हत्यारं आवरली.

पुढे दुसऱ्या एका कॉलला धुळ्यात गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. क्लास रिकामा. अक्का मशीनसमोर बसलेल्या, मशीन चालू.

"काही त्रास देतंय का?"

"नाही. रोज सकाळी लावते, सुरू होतं," त्या म्हणाल्या. "बिघडलं असतं तर निदान सांगायला कारण असतं."

ते मशीन दिवाळीआधी भंगारात गेलं. मी एक्सचेंजमध्ये घ्यायला साहेबांना विचारून पाहिलं होतं, ते हसले. भंगारवाला आला त्या दिवशी अक्कांनी मला मुद्दाम बोलावलं. वायर काढण्याआधी त्यांनी स्वतः 'पार्क' ही कमांड दिली. जुन्या हार्ड डिस्कचं माहिती वाचणारं हेड त्याने सुरक्षित जागी जाऊन थांबतं. वाहतुकीत डिस्कला ओरखडा पडू नये म्हणून.

भंगारवाल्याने कॅबिनेट उचलून हातगाडीवरच्या पत्र्यांवर टाकलं. आवाज झाला. अक्का आत निघून गेल्या.

त्या वर्षी त्यांनी क्लास बंद केला आणि खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिली.

मी नंतर बरीच वर्षं या धंद्यात काढली. "हे मशीन चालेल का?" असं कुणी विचारलं की मी लगेच स्क्रू काढत नाही. आधी विचारतो, "कशासाठी?"